मारव्यातलं ‘हो’

“एक मिनिट... बोलू नका. पंचम लागतोय.”

किरण माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. धुळ्यातल्या एका मैफलीआधी मी पाण्याचा नळ शोधत मंचामागच्या खोलीत शिरले, तर हा तानपुऱ्याला कान लावून बसलेला. मी अख्खं मिनिटभर गप्प राहिले — माझ्यासाठी हा विक्रमच! तार जुळली, तशी त्यानं वर पाहिलं.

“कसा वाटला?”

“कोण? पंचम, की तुम्ही?”

बिचाऱ्याचे कान लाल झाले. तिथंच मी फसले.

मग जळगाव-धुळे फोन सुरू झाले, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. त्याच्या गुरुजींची मैफल कुठेही असो, मी सायर भुवासांना पुढे करून निघायचे. भुवासा म्हणजे माझ्या वडिलांच्या बहीण, गाण्याच्या भारी वेड्या. त्या गुरुजींना ऐकायच्या. मी गुरुजींच्या मागे तानपुरा छेडत बसलेल्याला बघायचे.

यंदा चातुर्मासात गुरुजींची मैफल आमच्या जळगावातच होती. सकाळी त्याचा फोन आला.

“विधी, दोन वर्षांसाठी भोपाळला कुठल्या शिष्याला नेणार, ते गुरुजी आज मंचावरून सांगणार आहेत. मला, नाहीतर मननला. मला खरं तर धुळ्यात क्लास काढायचाय. पण तू... तू लग्नाला हो म्हणशील तरच. नाहीतर इथं राहून रोज झुरायचं कशाला?”

“झुरशील?” मी मुद्दाम छेडलं.

“हसू नको ना! मना जीव थाऱ्यावर नही शे.” वैतागला की तो घरच्या अहिराणीवर यायचा.

“भुवासा शेजारी आहेत रे. आता कसं बोलू?”

“मग बोलू नको. मध्यंतरात मी चहा घेऊन येतो. कप घेतलास तर हो. नाही घेतलास तर मी चाललो भोपाळला.”

मी हसत कबूल झाले. मैफल दुपारची, मध्यंतर उजेडातच होणार होतं.

पण पाहुणे वेळेवर आले तर ते पाहुणे कसले! त्यांची वाट पाहण्यात, मग शाल, श्रीफळ आणि भाषणांत दुपार गेली. गाणं सुरू झालं, पण माझे डोळे दाराबाहेरच्या उन्हावर. चातुर्मासात आम्ही दोघी चौविहार पाळतो. सूर्य मावळला की जेवण सोडाच, पाण्याचा थेंबही नाही. मध्यंतर झालं तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

आणि समोर किरण. हातात दोन कप.

“चहा?”

“नको.”

लहानपणापासूनची सवय! तोंडातून आपसूकच गेलं. त्याचा चेहरा उतरला. “अरे, थांब—” मी म्हणेपर्यंत तो गर्दीत शिरलाही. फोन लावला, तर बंद. मला रडू यायचंच बाकी होतं.

गुरुजींनी मारवा धरला. आता आला, आता आला म्हणावं आणि षड्ज पुन्हा हुलकावणी देऊन जावा... माझा आधीच जीव टांगणीला, त्यात हा राग! किरण मान खाली घालून तारा छेडत होता. मी खोकले. रुमाल पाडला. भुवासांनी चिमटा काढला. मैफल संपली की घोषणा, आणि माझा किरण भोपाळला.

गुरुजींचा स्वर हळूहळू वर चढला. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. आणि मी ओरडले —

“हो!”

माना वळल्या. गुरुजींना ती दादच वाटली. त्यांनी छातीशी हात नेला, तीच जागा पुन्हा घेतली. किरणनं मात्र चमकून वर पाहिलं.

“हो, हो!” मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

त्याचं बोट तारेवरून घसरलं. गुरुजींनी मागे वळून डोळे वटारले, तरी हा आपला हसतोय.

शेवटी तो गुरुजींच्या कानाशी वाकला. त्यांनी कपाळाला हात लावला आणि माईकवर मननचं नाव घेतलं. मननसाठी सर्वांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

भुवासा टाळ्या वाजवत नव्हत्या.

“सम कुठं होती, आणि तू ओरडलीस कुठं?”

“भुवासा, इतकं छान गात होते...”

“गाणारे पुढं बसले होते. तू त्यांच्या मागं बघून ओरडलीस.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “नाव काय त्याचं?”

“किरण.”

“पूर्ण.”

आमच्या घरात पूर्ण नाव विचारलं की त्यातच सगळं येतं — जात, गाव, नातं जुळेल की नाही. माहीत नाही म्हणता आलं असतं. भुवासांनी ते चालवूनही घेतलं असतं.

“किरण लोटन पाटील. नरडाण्याचा. घरी शेती आहे.”

भुवासांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग उठायला म्हणून त्यांनी माझा हात धरला. मी दाराकडे वळले. भुवासा मंचाकडे निघाल्या होत्या.