खोडलेली तेविसावी चाल

रविवारी सकाळी रेश्मा सातवीच्या उत्तरपत्रिका एकेक करून मनवेधसमोर धरत होती, आणि मनवेध तिला पोरांच्या पोटातलं सांगत होतं.

"रोल नंबर अठ्ठावीस," यंत्र म्हणालं. "सहाव्या प्रश्नाचं उत्तर आधी बरोबर लिहिलं होतं. नंतर खोडलं. खोडताना पेनाचा दाब तिप्पट. कारण अज्ञान नाही. कारण भीती."

"बघा अण्णा," रेश्मा वैतागली. "येत होतं पोरीला. शेजारी नगरसेवकाचा भाचा बसतोय, त्याचं वेगळं आलं म्हणून हिनं आपलं खोडलं. काय म्हणावं आता?"

तिचा बाप, लहू ऐवळे, भडंगाच्या वाटीतले शेंगदाणे बोटानं बाजूला काढत राहिला. सत्तरी गाठलेला, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून व्हॉल्व्हमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. दात दोन उरलेले, पण शेंगदाण्याची हौस होती.

मनवेध येऊन चार वर्षं झाली होती. आधी बँकांनी सह्या तपासायला घेतलं, मग कोर्टांनी, मग शाळांनी. चष्म्याच्या डबीएवढं यंत्र. हातानं लिहिलेला कागद दाखवला की शाईचा थर, पेनाचा दाब, अक्षराची थरथर, खोडलेल्याच्या खालचं मूळ, सगळं वाचायचं. एकाच माणसाचे शे-दोनशे कागद दिले तर त्या माणसाची 'छाया' उभी करायचं. म्हणजे तो माणूस विचार कसा करतो, त्याचा गणिती पुतळा. त्या पुतळ्याला हव्या त्या प्रसंगात बसवायचं आणि विचारायचं, आता काय करशील? शाळेतल्या बहुतेक पोरांनी तर खोडणंच सोडलं होतं. चुकलं तरी चुकीवर हात ठेवून बसायची. खोडलं की 'का खोडलंस?' हा प्रश्न यायचा, आणि त्याचं उत्तर कुणालाच द्यायचं नसायचं.

"आवरा लवकर," रेश्मा म्हणाली. "चारला बुद्धिबळ मंडळात जायचंय. रणनवरे साहेबांची जन्मशताब्दी."

"मी कशाला? हरलेला माणूस मिरवायला लागतोय व्हय त्यांना?"

"हरलेला कसला! तुमच्याशिवाय तो डाव झाला असता का?" ती हसली. "सरप्राइज ठेवणार होते, पण सांगतेच. आज मनवेध तुमचा डाव उलगडून दाखवणार. मागच्या महिन्यात तुमची सही घेतली नव्हती का टॅबवर? पुण्याच्या कंपनीला तुमची ट्रंक दिलीय मी. दोनशे बारा डावांचे कागद. सगळे."

लहूच्या हातातली वाटी कलंडली.

"सगळे?"

"सगळे. एक्याण्णवचा पण."

तो डाव सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक होता. १९९१, जिल्हा अजिंक्यपद, शेवटची फेरी. पांढऱ्या सोंगट्या जयसिंगराव रणनवरे यांच्या. हळदीचे मोठे व्यापारी, मंडळाचे अध्यक्ष, आणि खेळाडूही खरेच तगडे. काळ्या सोंगट्या लहूच्या. वय तेवीस. बाप त्याच रणनवऱ्यांच्या गोदामात हमाल. बाविसाव्या चालीला साहेबांनी हत्ती दिला. तेविसाव्या चालीला वजीर उचलला आणि काळ्या प्याद्याच्या तोंडासमोर ठेवून शह दिला. लहूनं प्याद्यानं वजीर घेतला. मग उंट धावून आले आणि पाच चालींत मात. 'वजीरदानाचा डाव' म्हणून तो मंडळाच्या भिंतीवर संगमरवरात कोरलाय. जयसिंगरावांचं नाव वर, ठळक. लहूचं खाली, बारीक.

लहूनं पोरीला लहानपणापासून एकच गोष्ट सांगितली होती. हल्ला असा आला की देवालाही दिसलं नसतं. नाही दिसलं. माणूस काय करील? आणि त्याच दमात शिकवलं होतं, 'समोर कोण बसलंय ते बघायचं न्हाई, पट बघायचा.' रेश्मानं हे वाक्य आपल्या वर्गाच्या फळ्यावर रंगवून घेतलंय. त्यावर दीडशे पोरं शिकली.

आणि खरं काय होतं? त्या काळी शिकवायचे, चाल आधी कागदावर लिहायची, मग हात मांडीखाली घालून पुन्हा बघायची, मग खेळायची. लहूनंही आधी लिहिली होती. राजा डी आठ. वजिराच्या रिकाम्या घरात राजा सरकवायचा, बस्स. वजीर घ्यायचाच नाही. हल्ला तिथंच थंड, आणि काळ्याकडे एक अख्खा हत्ती जास्त. स्वच्छ जिंकलेला डाव. त्याला दिसलं होतं. लिहिलं होतं. मग त्यानं ते कागद फाटेस्तोवर खोडलं आणि वजीर घेतला.

सत्तेचाळीस वर्षं हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोही हे न कळताच गेली. कागद जाळायला किती वेळा चुलीपाशी नेला, पण जाळवला नाही. त्या गिचमिडीखाली त्याच्या हुशारीचा एकुलता एक पुरावा होता. आणि त्याच गिचमिडीत त्याची लाज होती. दोन्ही एकाच ओळीत.

"चल," तो उठला. "आत्ताच जाऊ."

"अहो, चारला आहे."

"आत्ताच."

मंडळाच्या सभागृहात खुर्च्या मांडायचं चाललं होतं. रेश्मा हारांचं बघायला थांबली. लहू सरळ मंचाकडे गेला. मनवेधच्या कंपनीची ऋजुता नावाची मुलगी वर वायरी जोडत होती. तिशीची असेल.

"बाई, त्यातला एक कागद मला परत पायजे."

"काका, सगळेच परत मिळणार आहेत. कार्यक्रम झाला की."

"कार्यक्रमाच्या आधी. एक्याण्णवचा."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. "वाचून झालाय काका तो. परवाच."

"मग विसरायला सांग त्याला."

"ते विसरत नाही."

"तुझं यंत्र, आणि तुझं ऐकत न्हाई?"

"माझं नाहीये ते. मी नोकरी करते." ती खाली बसली, त्याच्या उंचीवर आली. "कार्यक्रम रणनवरे ट्रस्टचा आहे. काय दाखवायचं ते त्यांना पाठवलंय, त्यांनी मान्य केलंय. पण काका, यात लपवण्यासारखं काय आहे? तुम्हाला ती चाल दिसली होती! लोक उलट वाहवा करतील."

"दिसली न्हाई असं मी पोरीला सांगितलंय."

"मग आज खरं कळेल तिला. चांगलंच नाही का?"

हिला कसं सांगायचं, की न दिसणं ही खेळाडूची चूक असते. दिसून न खेळणं ही दुसरीच कसली तरी चूक असते, आणि तिला बुद्धिबळाच्या पुस्तकात नाव नाही.

"सही मी केली ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"ती खोडता येत आसंल तर बघ."

ऋजुतानं मान हलवली. ती ओशाळली होती, पण ओशाळून काय होतंय? वायरी जोडायच्या राहिल्या होत्या. ती पुन्हा जोडायला लागली.

चार वाजता सभागृह भरलं. जयसिंगरावांचे चिरंजीव अजितसिंह, वय साठीच्या पुढं, माईकवर आले. लहानपणी ते बापाच्या वयाच्या हमालांना नावानं हाका मारायचे. माईकवर मात्र त्यांच्या तोंडी 'लहूकाका' आलं. शाल घातली, नारळ दिला. लहूला पहिल्या रांगेत बसवलं.

पडद्यावर डाव सुरू झाला. चाली सरकत गेल्या. हत्ती पडला, वजीर पुढं आला, आणि पट थांबला. लहूचा कागद पडद्यावर मोठा झाला. दारावर ओरखडे काढल्यासारखी ती गिचमीड. मनवेधनं एकेक रेघ उचलून बाजूला ठेवली, आणि खाली तेवीस वर्षांच्या पोराचं सुबक अक्षर उमटलं: राजा डी आठ.

सभागृहात माना वर झाल्या. मग कुजबुज.

रेश्मा ताडकन उठली. "अण्णांना दिसली होती!" ती ओरडलीच. "अण्णा, तुम्हाला दिसली होती!" तिनं टाळ्या वाजवल्या, लोकांनीही वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लहूला वाटलं, इथंच थांबलं तर? इथंच लाईट गेली तर?

लाईट गेली नाही.

"मग ही चाल खेळली का नाही?" मनवेधचा आवाज आला, शांत, शाळेतल्यासारखा. "खेळाडूच्या दोनशे बारा कागदांवरून त्याची छाया तयार केली. तिला हाच पट एक हजार वेळा दिला. समोर कोण बसलंय ते सांगितलं नाही. नऊशे एक्केचाळीस वेळा छायेनं वजीर नाकारला आणि डाव जिंकला."

लोक माना डोलावू लागले.

"पुन्हा एक हजार वेळा दिला. या वेळी समोर जयसिंगराव रणनवरे बसलेत असं सांगितलं. अकरा वेळा नाकारला."

रेश्माच्या टाळ्या कधी थांबल्या ते लहूनं पाहिलं नाही. त्याची नजर नारळावर होती.

"जयसिंगरावांच्या कागदांवरून त्यांचीही छाया केली," यंत्र बोलतच होतं. "त्यांनी राजा डी आठ या चालीचा विचार केला होता का? नाही. एकदाही नाही. त्यांचा सगळा हिशोब वजीर घेतला जाईल, इथूनच सुरू होतो."

म्हणजे ज्या हल्ल्याला सत्तेचाळीस वर्षं संगमरवर मिळाला, तो हल्ला नव्हताच. साहेबांना बुद्धिबळातलं एक घर दिसलं नव्हतं. पण समोरचं पोरगं कुणाचं आहे ते दिसत होतं, आणि तेवढं पुरलं.

अजितसिंह मोठ्यानं हसले. माईक हातात होताच. "म्हणजे आमच्या बाबांना सोंगट्यांपेक्षा माणसं जास्त कळायची म्हणा की!"

सभागृह हसलं. खळखळून हसलं. वाईट मनानं कुणी हसलं असं नव्हे. विनोद चांगला होता, हसले.

लहू बाजूला वळला. रेश्मा हसत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सकाळी अठ्ठावीस नंबरचा कागद हातात धरून बघत होती, तशी ती बघत होती.

"लहूकाका, या!" अजितसिंह म्हणाले. मंचावर टेबल मांडलेलं होतं. साहेबांचाच शिसवी पट. सोंगट्या तेविसाव्या चालीवर लावलेल्या. "आज कोण अडवतंय तुम्हाला? खेळा ती चाल. शतकाचा हिशोब मिटवून टाकू. आणि गंमत बघा मंडळी, काका काय खेळणार ते मनवेध आधीच पडद्यावर लिहिणार!"

"नको," लहू म्हणाला. पण दोघांनी त्याला दंडाला धरून अदबीनं उठवलं होतं. अदबीनं उठवलेल्या माणसाला बसता येत नाही.

त्याला बसवलं ते पडद्याकडे पाठ करून. समोरच्या खुर्चीत अजितसिंह बसले. तीच जाडी भुवई, तीच बोटात पोवळ्याची अंगठी, बापाचीच असेल. मागं पडद्यावर काहीतरी उमटलं, कारण सभागृहातून एक लांब 'ओऽ' आला. आता सगळे त्याच्या डोक्यावरून वर बघत होते. त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं, तो काय करणार ते.

लहूनं पेन मागितलं. कागद मागितला. आधी लिहायचं, मग खेळायचं. त्यानं लिहिलं: राजा डी आठ. हात मांडीखाली घातले. पट पाहिला. चाल बरोबर होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी होती, आजही होती. साधी होती. राजा उचलायचा, एक घर बाजूला सरकवायचा. समोरची अंगठी बघायची न्हाई. पट बघायचा.

अजितसिंहांनी दोन बोटांनी पांढरा वजीर त्याच्याकडं थोडा सरकवला. बोलण्यात प्रेमच होतं. "घ्या, काका. लाजताय काय?"

आणि लहूला बाप दिसला. दिवाळीचा दिवस, गोदामाची पायरी, पोस्त घ्यायला लागलेली हमालांची रांग. बापाचे हात, हळदीनं कोपरापर्यंत पिवळे, कितीही घासले तरी न जाणारे. रांगेत पुढं सरकताना बाप त्याच्या कानात सांगायचा, मालकानं काही दिलं तर एका हातानं घ्यायचं नसतं रं. दोन्ही हात पुढं कर. आणि नको म्हणायचं न्हाई. नको म्हटलं की त्यांना राग येतोय.

एक्याण्णव सालीही कुणी धमकावलं नव्हतं. कुणी डोळे वटारले नव्हते. साहेबांनी दिलं होतं. एवढंच.

लहूनं पटाकडं पाहिलं आणि त्याला कळलं की आपले हात मांडीखाली नाहीत. कधी निघाले, माहीत नाही. दोन्ही हात पटाच्या वर आले होते, शेजारी शेजारी, तळवे वर करून, राजा आणि वजीर यांच्या बरोबर मधे. ते हात त्याचे होते. पण ते कुठं निघालेत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं मान वळवली नाही. फक्त पहिल्या रांगेत रेश्माला शोधलं. ती त्याच्या डोक्यावरून पडद्याकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले.

"रेश्मा," त्यानं हळूच विचारलं, "वर काय लिहिलंय गं?"