खलबतखान्यातला नकार

योकोसुकाच्या खाडीवर पहाट फुटली, तेव्हा जपानच्या लढाऊ जहाजांची रांग धुक्यातून हळूहळू बाहेर आली. पोलादाची एवढी अफाट ताकद, पण तिच्या पोटातलं तेल परक्याचं होतं. सन १९४१ चा तो शरद ऋतू. चीन गिळायला निघालेली जपानी फौज चार वर्षं तिथंच रुतून बसली होती. इंडोचायनातही सैन्य घुसवल्यावर अमेरिकेनं तेल तोडलं. चीनमधून माघार घेतली असती तर तेल मिळालं असतं. पण माघार म्हणजे सरदारांची नाचक्की, आणि ती टाळण्यासाठी लोकांची पोरं मारायला ही माणसं एका पायावर तयार होती. दक्षिणेकडच्या डचांच्या बेटांवरचं तेल लुटायचं आणि आडवं येईल म्हणून अमेरिकेच्या आरमारावर आधीच घाला घालायचा, अशी मसलत शिजली होती.

तिच्यावर शिक्कामोर्तब करायच्या बैठकीआधी आरमाराच्या इंधनखात्याचा कप्तान इसाओ तोगावा आपले दर्याप्रमुख कुरोनुमा यांना भेटला. युद्ध लांबलं की आपण हरणार, हे त्यांनी खासगीत कबूल केलं. पण तसं बोललो तर आरमाराच्या वाट्याचं पोलाद लष्कर स्वतःसाठी मागेल, तेव्हा गप्प राहा, असंही बजावलं. तिथली रीतच तशी. सारं आधी आतल्या आत ठरायचं. बैठकीत माना खाली घालायच्या, आणि मौन म्हणजे संमती.

बैठकीत लष्कराचे सेनापती हिराकुरा आशियाच्या मुक्तीवर बराच वेळ बोलले. मग कुणाला काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. माना खाली गेल्या. तोगावा उठला.

"सेनापतिमहाराज, मुक्तीचं नाव घेऊ नका. आपण तेल लुटायला निघालोय, आणि तेही चीनमधून परतायची लाज वाटते म्हणून."

"कप्तानसाहेबांच्या अंगाला तेलाचा वास येतो," हिराकुरा हसले, "मर्दुमकीचा नाही."

"हे युद्ध आपण हरणार. आमच्या दर्याप्रमुखांनाही ते ठाऊक आहे. त्यांनाच विचारावं."

साऱ्यांच्या नजरा कुरोनुमांकडे वळल्या. त्यांनी पांढरे हातमोजे नीट केले.

"कप्तानांची प्रकृती बरी नाही. आरमार सज्ज आहे."

त्याच दिवशी तोगावाची एका तेलवाहू जहाजावर रवानगी झाली. डिसेंबरात घाला पडला. बेटं जिंकली, तेल मिळालं, आणि ज्यांना मुक्त करायचं होतं त्यांनाच गुरांसारखं राबवून मारलं. पुढे ते तेल मायदेशी आणताना बोर्निओजवळ जहाजाला टॉर्पेडो लागला. तोगावा आणि त्याचे खलाशी त्याच तेलाच्या आगीत जळाले.

शहरांची राख झाल्यावर विजेत्यांनी कुरोनुमांना विचारलं, की पराभव दिसत असताना कुणी अडवलं कसं नाही.

म्हातारा अदबीनं वाकला.

"त्या बैठकीत कुणीच नकार दिला नव्हता."