कोपऱ्यातला ठिपका

"काही कर, पण सेन्सरवर तोंडाने फुंकू नकोस, पोरी," जुना कॅमेरा मला विकताना दुरुस्तीवाल्या काकांनी बजावलं होतं. मी "हो हो" म्हटलं आणि चौथ्याच दिवशी, लेन्स काढून, फुंकलंच!

मग काय, प्रत्येक फोटोतल्या आभाळावर थुंकीचे डाग. ओशाळत दोन जिने चढून दुकानात गेले.

"माझे हात आता थरथरतात," काका म्हणाले. "पुतण्या बघेल."

पुतण्याने कॅमेरा पालथा धरून रबरी फुग्याने हवा मारली. मग ओल्या पट्टीने, श्वास रोखून, अलगद पुसलं. श्वास मीही रोखला होता...

"फुंकलंत ना?"

"छे! धूळ असेल."

"खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात."

घरी येऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, तर वरच्या कोपऱ्यात एक ठिपका उरलेलाच. पुन्हा जिने, पुन्हा ठिपका. असे पाच शनिवार गेले. सहाव्या शनिवारी मी काकांकडेच तक्रार केली, "तुमच्या पुतण्याला काम येत नाही."

काकांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला. "याच्या हातून कण सुटत नाही कधी. तुझ्याच कॅमेऱ्यात कसा सुटतो, ते त्यालाच विचार. मी जरा खाली जाऊन येतो."

"मुद्दाम?" काका गेल्यावर मी पुतण्याला विचारलं.

तो फुग्याशी चाळा करत राहिला. "पुढच्या महिन्यात मी दुसऱ्या शहरात चाललोय, नोकरीला. कॅमेरा साफ झाला, की तुम्ही कशाला याल..."

"मग तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तोंड वापरायला बंदी आहे ना इथे—"

मी इतकी हसले, की होकार त्यातच देऊन बसले.

आता त्याच कॅमेऱ्यापुढे आमची सात महिन्यांची लेक असते. तो ठिपका मी अजून पुसू दिलेला नाही.

आम्ही इकडे नव्या शहरात, काका मात्र तिकडेच, दुकानामागच्या खोलीत, एकटे. रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, "फुंकत नाहीस ना?" काल फोन आला नाही. आजही नाही. मी केला, तर नुसती रिंग वाजतेय. हे कामासाठी बाहेरगावी आणि लेक तापलेली... निघता येत नाही.

तुम्ही त्या बाजूने जात असाल, तर दोन जिने चढाल का? दाराला लाल रबरी फुगा टांगलाय. उघडायला त्यांना वेळ लागतो. लगेच परत फिरू नका हं... थांबा जरा.