लिहू न देणारी टेप

दार ओढून घ्या रे. मोबाइलही बंद करा, मध्येच वाजला तर तुमचीच बोबडी वळेल. ही काही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली, तो वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसून डबा खायचा.

त्याला आम्ही डॉक्टर म्हणायचो. कंपन्यांची कागदपत्रं, कॅमेऱ्यांची चित्रं, सगळ्याची एक प्रत रोज टेपवर उतरवून ठेवतात. त्या टेपा आणि त्या चालवणारी यंत्रं, म्हणजे ड्राइव्ह, हे त्याचे पेशंट. नुसती कुरकुर ऐकून दुखणं सांगायचा. स्वभावाने मात्र महाभित्रा. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायचा.

फेब्रुवारीची शेवटची तारीख, रात्रीचे साडेदहा. डॉक्टर एका कारखान्याच्या तळघरात चालला होता. दोन महिन्यांपूर्वी तिथल्या ऑपरेटरला कोणीतरी लोखंडी गजाने ठेचून मारलं होतं. आळ आला रखवालदारावर, आणि रखवालदार म्हणजे डॉक्टरचा सख्खा मेहुणा. तो कोठडीत, आणि इकडे घरी बायकोच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं. अशात कारखान्याच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. "एक टेप अडलीय. आज रात्रीच काम करून द्या, मेहुण्याच्या बाजूने मी स्वतः साक्ष देतो." मग काय, डॉक्टर जीव मुठीत धरून गेला.

तळघरात साहेब एकटेच होते. पडद्यावर लाल अक्षरं, टेपवर लिहिता येत नाही म्हणून. डॉक्टरने साफसफाईची टेप फिरवून ड्राइव्हचं लिहिणारं-वाचणारं हेड पुसलं. पुन्हा लाल. कोरी टेप घातली, ती मुकाट्याने लिहिली गेली. म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत. मग ती अडेलतट्टू टेप शेजारच्या ड्राइव्हमध्ये घातली. तिथेही लाल.

"साहेब, दोष टेपचाच आहे. हिला फेका, नवी घ्या."

"फेकायची नाही. टेपांची मोजदाद होते, एक कमी झाली तर प्रश्न विचारतात. हिच्यावरच चढवा काहीतरी."

आता सवय बघा कशी असते. लिहिणं अडलं, की निदान वाचता तरी येतंय का, हे डॉक्टर बघणारच. हात आपोआप गेला. साहेबांना या धंद्यातली ही खोड ठाऊक नव्हती. टेप सुरळीत वाचली गेली आणि पडद्यावर चित्र आलं. हेच तळघर. ऑपरेटर पाठमोरा बसलेला. त्याच्यामागे गज उगारून... साहेब.

कॅमेऱ्यातलं मूळ चित्र साहेबांनी केव्हाच पुसलं होतं. पण त्याआधीच त्याची प्रत या टेपवर उतरली होती. डॉक्टरच्या मनात पहिलं काय आलं, ठाऊक आहे? सुटला माझा मेहुणा! बिचाऱ्याला आनंदच झाला. मग मागे दाराची कडी लागली.

"बघायला नको होतंत," साहेब म्हणाले. हातात गज होता.

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडलेलं डॉक्टरला ऐकू आलं. दुसरा गुडघ्यावर. तो टेबलाखाली कोसळला.

"साहेब, नका हो... घरी बायको वाट बघतेय..."

तिसऱ्यासाठी गज वर गेला.

वर गेला... आणि खाली आलाच नाही.

साहेब ओढत होते. दोन्ही हातांनी. गज हलेना. मग तो त्यांच्या हातून हिसकला गेला. कोणी हिसकला, दिसलं नाही.

"कोण?..." साहेबांचा आवाज चिरकला. "तू?..."

घाव. साहेबांचा जबडा एका बाजूला गेला. घाव. दात फरशीवर सांडले. ते दाराकडे धावले. कडी निघेना. घाव. भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली. घाव. घाव.

डॉक्टरने डोळे गच्च मिटले. किंकाळी थांबली. घाव थांबेनात.

मग... काहीच नाही.

फक्त ड्राइव्ह कुरकुरत होता. ती कुरकुर डॉक्टरने ओळखली. वाचण्याची नव्हती.

लिहिण्याची होती.

हो रे, सुटला मेहुणा. टेपवर खून होताच की. डॉक्टरलाही पोलिसांनी सोडलं. गजावर साहेबांशिवाय कोणाचेच ठसे नव्हते, आणि मोडक्या खांद्याने असे घाव कोण घालणार? बायकोने दोघांना दारातच मिठी मारली आणि पोटभर रडली.

पण पोलिसांनी टेप शेवटपर्यंत चालवली. पहिल्या खुनाच्या पुढे आणखी एक चित्र होतं. फेब्रुवारीची शेवटची रात्र. मार खाणारे साहेब. आता गंमत ऐका. ऑपरेटर मेल्यावर साहेबांनी त्या तळघरातला कॅमेरा काढून टाकला होता. भिंतीत नुसतं भोक होतं. आणि हे चित्र भिंतीवरून घेतलेलं नव्हतंच. खालून होतं. फरशीला टेकून, जरासं तिरकं.

ऑपरेटर मेला तेव्हा त्याचं डोकं जिथे पडलं होतं ना... बरोबर तिथून.