ताडपत्री

खुशी, तू सोमवारपासून आमच्या ऑफिसात जॉइन होऊन राहिली, म्हणून सांगते. मंग तुह्यं तू ठरव.

त्या दिवशी सकाळी मी सीताबर्डीले आईसाठी ताडपत्री घ्यायले गेली होती. आई भिवापूरले एकटीच राहते. स्लॅबवर मिरच्या वाळत होत्या अन् जुनी ताडपत्री फाटली होती. चांगली निळी, जाड पाहून घेतली, भिवापूरच्या बसच्या कंडक्टरजवळ देल्ली अन् दुपारच्या पाळीले येऊन बसली.

काम सोपं आहे. आभाळातून काढलेले फोटो येतात, कोण्या दूरच्या गावाचे. घर दिसलं का घरावर खूण करायची, गाडी दिसली का गाडीवर. ते एका सरकारले जातात, त्याची तिकडे लढाई सुरू आहे. नवीन होती तेव्हा मी गौरांग सरले, म्हणजे आमच्या टीमच्या साहेबाले, विचारलं होतं, आपल्या खुणेचं पुढं काय होते? सर म्हणे, "सरकार आहे ते, गुंड थोडीच आहे? साध्या माणसाले हात लावत नाहीत, तसं लिहून देल्लं त्याहीनं." मले पटलं. पटवून घेतलं म्हण.

त्या दुपारी एकाच स्लॅबचे आदल्या दिवशीचे दोन फोटो आले. सकाळच्या फोटोत लाल चौकोन, मधून पाय ठेवण्यापुरती वाट. संध्याकाळच्या फोटोत ढीग, ढिगावर ताडपत्री अन् तिचे कोपरे धरून दोघी जणी. वरून तोंड कधीच दिसत नाही, नुसतं डोकं अन् सावली. पण मले एका नजरेत समजलं. मिरच्या पालटायले अशीच वाट माही आई ठेवते. दव पडते म्हणून सांजेले अशाच झाकते.

यादीत मिरची नव्हती. 'झाकलेलं साहित्य' होतं. बाजूले 'शंका' म्हणून एक बटण होतं. ते दाबलं तर कारण लिहावं लागते, काम थांबते. अन् भिंतीवर माहं नाव लावलं होतं... हर्षा, चार महिन्यांत एकही शंका नाही. मले त्याचा लय तोरा होता. मी खूण केली. झाकलेलं साहित्य. जवळ माणसं, दोन. खोटं तर नव्हतं नं...

तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागेचा फोटो आला. स्लॅब नव्हता. राखाडी ढिगारा अन् पार रस्त्यापर्यंत लाल ठिपके. त्या सरकारचा माणूस टीव्हीवर सांगत होता, तिथं हत्यारं झाकून ठेवली होती, आम्ही पूर्ण खात्री करूनच मारलं. खुशी, ती खात्री म्हणजे मी होती. मी डबा खाऊन राहिली होती. हातातला घास गिळला अन् पुढचा घेतला. त्याची मले अजून लाज वाटते.

मंग तो वास सुरू झाला. सगळं बंद, एसी लावलेला, अन् तव्यावर मिरची जळावी तसा ठसका. सगळेच खोकलत होते. गौरांग सरनं स्वयंपाकाची खोली पाह्यली, तिथं काही नव्हतं. मी पुढचा फोटो उघडला. गाव दुसरं, स्लॅब दुसरा. मधोमध एक बाई उभी. तोंड वर करून माह्याकडे पाहून राहिली होती.

"सर... हे तोंड दिसते काय तुम्हाले?"

"कुठं? पाण्याची टाकी आहे ते. हर्षा, घरी जा तू."

पुढच्या फोटोतही ती होती. त्याच्या पुढच्याही.

रविवारी मी भिवापूरले गेली. दिवस बुडून राहिला होता. आई स्लॅबवर होती, मिरच्या उघड्याच पसरलेल्या, अन् नवी ताडपत्री घडी करून कोपऱ्यात.

"आई, झाकल्या काहून नाही?"

"ते बाई झाकू देत नाही नं."

"कोण बाई?"

"तुही ताडपत्री आली नं, त्याच्या तिसऱ्या दिवसापासून येते. माह्यासंग मिरच्या पालटते. बोलत नाही, पण हात मोठा चांगला चालते तिचा. मी ताडपत्री उचलली का मनगट धरते... अन् वर पाहते."

आईनं मनगट पुढं केलं. पाच बोटं उमटली होती, मिरचीनं भाजल्यावाणी लाल.

मले वाटलं होतं, ती माह्या मागं लागली. ती तर माह्या आईले वाचवून राहिली होती, माह्यापासून. मले आईच्या तोंडाकडे पाहवेना.

"तुह्या ओळखीची आहे काय वं?" आईनं विचारलं.

मी म्हटलं, नाही.

सोमवारी पहिलाच फोटो आमच्या स्लॅबचा होता. लाल चौकोन, मधून वाट, वाकलेली आई. तिच्या बाजूले नुसती एक सावली, माणूस नाही. मी पहिल्यांदाच 'शंका' दाबली. पडद्यावर आलं, खूण आधीच झाली आहे. खाली माहाच नंबर, तारीख ताडपत्री घेतली त्या दिवसाची. झाकलेलं साहित्य. जवळ माणसं, दोन. फोटोत तर मिरच्या उघड्या होत्या.

त्याच दिवशी मी नोकरी सोडली. दवानं आईच्या अर्ध्या मिरच्या काळ्या पडल्या, तरी ती ताडपत्रीले हात लावत नाही. काल रात्री तिचा फोन आला होता. म्हणे, आता दोघी येतात. दुसरी मिरच्या पालटत नाही. जिन्यापाशी बसून राहते अन् विचारते, हर्षा कधी येते...