योग्य ती तजवीज

टँकरच्या केबिनमध्ये दारूची बाटली सापडली, आणि तपास संपला असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

१९८६चा मे महिना. दुष्काळामुळं परंडा तालुक्यातल्या एका दूध संघाकडं दूध उरलं नव्हतं, म्हणून संघाचा नवा टँकर गावोगाव पाणी वाटत होता. सोमवारी सकाळी तो एका वळणावर न वळता सरळ गेला आणि घागरींच्या रांगेत घुसला. चांगुणाबाईचा पाय मोडला. ड्रायव्हर बलभीम कोठडीत गेला. पंचनाम्यात नोंद झाली : 'देशी दारूची बाटली एक, अर्धी भरलेली.'

बुधवारी उस्मानाबादहून मोटार वाहन निरीक्षक शरणबसप्पा आले. गाडीत दोष होता की माणसात, एवढंच त्यांनी लिहून द्यायचं होतं. दोष माणसात निघाला तर बलभीमचं लायसन जाणार होतं, आणि मागोमाग बलभीमही जाणार होता, तुरुंगात.

"बाटलीचा वास घेतला?" त्यांनी हवालदार गुंडप्पाला विचारलं.

"बाटली दिसल्यावर वास कशाला घ्यायचा, साहेब?"

शरणबसप्पांनी बूच काढलं. आत तांबडं तेल होतं.

मग ते टँकरखाली शिरले. पुढच्या चाकाजवळची एक रबरी नळी फाटली होती. बाहेर येऊन त्यांनी चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेल्या नंबरावर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. त्यांच्या खात्याची ही जुनी रीत. आकडे कागदावर आपोआप उमटतात. शेवटचा आकडा आठ होता. त्याची डावी बाजू उजवीपेक्षा बारीक उमटली होती. कागद घडी करून त्यांनी खिशात घातला.

बलभीम कोठडीत भिंतीला टेकून बसला होता.

"प्यायला होतास?"

"न्हाय साहेब. हातातलं चाक एकाएकी दगडावानी जड झालं. म्या लोंबकळलो त्याला. वरडत हुतो, सरका, सरका."

"आणि बाटलीतलं तेल?"

"पावर स्टेअरिंगचं. तेलाच्या जोरावर चाक हलकं वळतंय ना, ते तेल गळत हुतं. रोज सकाळी भरायचो."

"कुणाला सांगितलंस?"

"मॅनेजरसाहेबांना. दोनदा. म्हणले, भरत जा."

"बघायला आले नाहीत?"

"ते तर आता गाडीत बसतबी न्हाईत. आधी रोज माझ्याशेजारी बसून संघावर यायचे. पाडव्यापासनं एस्टीनं येत्यात. कंबर दुखती म्हणे."

संघाचे चेअरमन हिंमतराव कचेरीतच होते. टँकरच्या दारावर संघाच्या नावापेक्षा त्यांचं नाव मोठं रंगवलेलं होतं.

"गाडीबद्दल विचारायचं होतं," शरणबसप्पा म्हणाले.

"गाडी संघाची हाय. माघारी मिळायची न्हाय."

"माघारी कोण मागतंय?"

हिंमतरावांनी चहा मागवला.

मॅनेजर रामकिसन बी. ए. होता. संघात इंग्रजी येणारा तो एकटाच, आणि त्याची नेमणूक त्याच गुणावर झाली होती.

"गाडीच्या कंपनीकडून काही पत्र?"

"नाही आलं."

"बरं. कंबर कशी आहे?"

"कंबर?" रामकिसननं क्षणभर विचार केला. "हां, दुखते ना. फार दुखते."

शरणबसप्पा उस्मानाबादला परतले. आधी स्वतःच्याच कचेरीतली टँकरच्या नोंदणीची फाइल काढली. मग कंपनीला ट्रंक कॉल लावला. तो दुसऱ्या दिवशी लागला. शेवटी ते परंड्याला सहकार खात्याच्या निबंधकाच्या कचेरीत जाऊन बसले. प्रत्येक संस्था आपल्या ठरावांच्या नकला तिथं पाठवते. तिथं त्या वाचल्या जाण्याचा धोका आजवर नव्हता.

शनिवारी संघाच्या कचेरीत सगळे जमले. बलभीमला गुंडप्पानं दाराशी बसवलं.

"गाडी नवी आली तेव्हा आमच्या कचेरीनं नंबराचा ठसा घेतला होता." शरणबसप्पांनी टेबलावर दोन कागद शेजारी ठेवले. "हा तेव्हाचा. शेवटी तीन. हा बुधवारचा. शेवटी आठ. गाडी तीच. वाढत्या वयानं आकडा वाढतो असं ऐकलं नव्हतं."

मग त्यांनी आपली वही उघडली.

"मार्चमध्ये कंपनीचं रजिस्टर पत्र इथं आलं. पोचपावतीवर रामकिसन यांची सही आहे. या तिनाच्या गाडीची स्टेअरिंगची नळी सदोष आहे, असं त्यात लिहिलं होतं. संघाचं उत्तर गेलं : 'सदर क्रमांकाची गाडी आमच्याकडे नाही.' असं का लिहावं? तर हा ठराव ऐका."

त्यांनी नक्कल वाचली : "'कंपनीने गाडी परत बोलावली असल्याचे मॅनेजर यांनी सभेस समजावून सांगितले. ऐन दुष्काळात गाडी मागणाऱ्या कंपनीचा ही सभा निषेध करते. गाडी देऊ नये. योग्य ती तजवीज करण्याचे अधिकार मा. चेअरमन यांना देण्यात येत आहेत.'" त्यांनी मान वर केली. "तजवीज काय केलीत, हिंमतराव?"

"छन्नी," हिंमतराव म्हणाले. "पर म्हंजे, कंपनीला गाडी नकु हुती?"

"नकोच होती. पत्रातल्या इंग्रजी 'रिकॉल'चा अर्थ, एक दिवस गाडी घेऊन या, फुकट नळी बदलून देतो, तोवर चालवू नका. एवढंच. तुम्ही आकडा बदललात, त्याचा गुन्हा वेगळा होईल. पण गाडी माणसं मारेल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. इथं एकालाच ठाऊक होतं."

रामकिसन पुढ्यातली फाइल सरळ करत होता.

"परंड्याच्या रस्त्यावर कंबर दुखणारा माणूस मऊ सीट सोडून एस्टीच्या बाकावर बसत नाही," शरणबसप्पा म्हणाले. "तुम्ही पाडव्यापासून बसता. गाडीत बसण्यात जिवाला धोका आहे, हे त्या पत्राशिवाय कुठं लिहिलेलं नव्हतं. सभेत तुम्ही त्या दोन पानी पत्राचं पहिलंच पान वाचलंत. दुसरं कधी वाचलंत?"



"सभेनंतर," रामकिसन म्हणाला. "तिसऱ्या दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

"ठराव मंजूर झाला होता, साहेब. एकमतानं. अर्थ चुकला म्हणून सांगितलं असतं, तर यांनी विचारलं असतं, मग तुला ठेवलाय कशाला?"

"आवं, त्यास्नी न्हाय तर न्हाय," बलभीम दारातून म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "म्या दोनदा आलो तुमच्याकडं. तवा नुसतं म्हणायचं, बलभीम, तूबी एस्टीनं ये."



शरणबसप्पांनी तिथंच अहवाल लिहिला. दोष गाडीत. गुंडप्पानं पंचनाम्यात 'देशी दारूची' हे शब्द खोडून 'तेलाची' असं केलं, शेजारी सही केली आणि लायसन बलभीमच्या हातात दिलं. बलभीम तडक बार्शीच्या दवाखान्याकडं निघाला. चांगुणाबाईला आपण प्यायलो नव्हतो हे त्याला स्वतः सांगायचं होतं.

दुपारच्या एस्टीनं गुंडप्पा रामकिसनला परंड्याच्या ठाण्यात घेऊन गेला. गाडीला गर्दी होती. पण गुंडप्पानं दोन माणसं उठवून त्याला पुढचं बाक मिळवून दिलं.

"बसा, साहेब," तो म्हणाला. "तुमची कंबर."