सावलीतली यक्षिणी

"बाबांनी शेवटच्या चित्रात मला राक्षसीण करून टाकलंय. त्यांच्या मनात खरंच तसं होतं का, एवढंच शोधून द्या," चित्रकाराची थोरली मुलगी म्हणाली.

ती ज्यांच्याशी बोलत होती ते गृहस्थ घड्याळं दुरुस्त करता करता लोकांची कोडी सोडवायला लागले, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. सोबतीला मास्तर. जन्मभर गणित शिकवलं, पण इथे दोन अन् दोन चार व्हायला त्यांना संध्याकाळ लागायची.

दिवंगत चित्रकाराच्या खोलीत दुपारचं ऊन पडद्यातून झिरपत होतं. भिंतभर ढग, ढगांत दोन पंखवाल्या यक्षिणी. वरची काळीकुट्ट, डोकं खाली करून झेपावलेली. तिने खालच्या शुभ्र यक्षिणीचे खांदे घट्ट धरलेले. बघता बघता मास्तरांना आपणही तरंगतोय असं वाटायला लागलं. काळीचं कोपर वाकडं होतं. थोरलीचंही.

"लहानपणी धाकटी माळ्यावरून पडली. मी झेललं, तेव्हा मोडलं हे. आई म्हणाली, मीच ढकललं. बाबा दारात उभे होते, पण आईपुढे बोलायची त्यांची कधी टाप नव्हती."

धाकटीने तोंड फिरवलं. "ढकललंच होतं. खांद्यांवरचे तिचे हात अजून आठवतात मला."

"चित्र इथे कुणी लावलं?" घड्याळजींनी विचारलं.

"आम्हीच दोघींनी. रंगवायच्या स्टँडवर होतं तस्संच लावलं. बाबांच्या कामात ढवळाढवळ कशाला?"

बाबांच्या चित्रांना चौकटी करून देणारे फ्रेमवाले काका कोपऱ्यात उभे होते, ते हसले. "साहेबांची तऱ्हाच न्यारी. चूक सापडेना की चित्र आरशात बघायचे, डोक्यावर उभं करायचे. सही अगदी शेवटी. ही राहूनच गेली."

घड्याळजींनी चित्राला नाक लावलं. "मास्तर, हे रंगाचे ओघळ कुठे चाललेत?"

"वर. यक्षिणींच्या राज्यात काय, सगळंच चालतं."

"ओघळ खालीच जातात, मास्तर. चूक शोधायला त्यांनी चित्र उलटं ठेवलं आणि तसेच गेले. तुम्ही मान राखून तसंच टांगलंत. फिरवा ते."

सगळ्यांनी मिळून फिरवलं. शुभ्र यक्षिणी आता डोकं खाली करून कोसळत होती. खाली काळी पाय रोवून उभी होती, हात वर करून तिला झेलत.

"उजेड वरून येतो," घड्याळजी हळूच म्हणाले. "काळी मुळात काळी नाहीच. पडणारीच्या पंखांची सावली आहे तिच्यावर. आणि ढकलणारा पाठीला हात लावतो, ताई. खांदे धरतो तो झेलणारा."

"म्हणजे बाबांनी पाहिलं होतं," थोरली म्हणाली. "मग तोंडाने सांगायला काय झालं होतं त्यांना?"

धाकटीने थोरलीचं वाकडं कोपर दोन्ही हातांत धरलं आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली.